बिनसाक्षीचा मासा

सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी मासा पकडला होता. एकच, पण पकडला होता. वीतभर आणि वर चार बोटं, अंगावर तांबूस ठिपके, पोटाकडे पिवळसर. हे मी आजवर बायकोला, मेव्हणीला, जिन्यातल्या शेजाऱ्यांना, कचेरीतल्या शिपायाला आणि एकदा तर चुकीचा नंबर लागून आलेल्या फोनवरच्या बाईंनाही सांगितलं आहे. सगळे मान डोलावतात. पण मान डोलावण्याचेही प्रकार असतात. लहान मुलाने 'मी वाघ पाहिला' म्हटल्यावर आपण जी मान डोलावतो, ती मला मिळते. माझं वय त्रेपन्न आहे.

झालं ते असं. आमचे सासरेबुवा मासे धरण्यातले जुने दर्दी. काठावर बसायचं, गळाला किडा लावायचा आणि डुलक्या काढायच्या, हा त्यांचा प्रकार नव्हे. तसं कोणी म्हटलं तर ते जेवणावरून उठतात. त्यांचा प्रकार माशीचा. पिसं आणि दोरा गळाला गुंडाळून अशी खोटी माशी करायची की माशाला ती खरी वाटावी. मग लांब, लवचिक काठीने दोरी हवेत मागे-पुढे झुलवत ती माशी पाण्यावर अलगद उतरवायची. मासा वर येतो, माशी तोंडात घेतो आणि पस्तावतो. गुडघ्यांनी असहकार पुकारल्यापासून सासरेबुवांचं नदीवर जाणं बंद झालं, आणि काठी आता कोणाकडे जाणार असा प्रश्न निघाला. त्यांना दोन मुली. म्हणजे दोन जावई. थोरला मी आणि धाकटा आमचा साडू.

साडू दातांचा डॉक्टर आहे. त्याला पोहता येतं, पेटी वाजवता येते, गाडीचं चाक स्वतः बदलता येतं, आणि हे सगळं येतं हे सांगताही येतं. मी दाखल्यांच्या खिडकीवर असतो. रहिवासाचा दाखला, हयातीचा दाखला, दोन नावांचा माणूस एकच असल्याचा दाखला, जो लागेल तो. अठ्ठावीस वर्षांत माझ्या खिडकीतून एकही चुकीचा कागद बाहेर गेलेला नाही. साडूचं म्हणणं असं की बरोबरही फारसे गेलेले नाहीत, पण त्याच्याकडे मी लक्ष देत नाही. अर्जावर साक्षीदाराची सही नसेल तर मी तो परत करतो, आणि परत करताना एकच वाक्य शांतपणे बोलतो. "तुमच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे, पण कागदाला विश्वास नसतो, त्याला साक्षीदार लागतो." हे वाक्य माझं स्वतःचं आहे. त्याच्यावर लोक चिडतात, पण उत्तर आजवर कोणाला सुचलेलं नाही.

तर त्या रविवारी सासुरवाडीला जेवताना काठीचा विषय निघाला आणि साडू म्हणाला, "बाबा, काठी मलाच द्या. भाऊसाहेबांना काय करायचीय? फार तर कबुतरं हाकलतील."

भाऊसाहेब म्हणजे मी. सगळे हसले. माझी बायकोही हसली. तिने तोंडावर रुमाल धरला होता, पण रुमाल हलत होता. मी चमचा खाली ठेवला आणि म्हणालो, "ह्या काठीने मी मासा पकडून दाखवीन."

हे मी का म्हणालो ते मला अजून कळलेलं नाही. मला मासा हातात धरायचीही किळस येते.

सासरेबुवांनी चष्मा वर केला. "पकडा, जावईबापू. महिन्याभरात एक मासा. पकडलात तर काठी तुमची, नाहीतर ह्यांची. पण पावती पाहिजे हं. नदीवरच्या राखणदाराच्या शिक्क्याची. मासे धरणाऱ्यांच्या शब्दावर मी विश्वास ठेवत नाही, मी स्वतः साठ वर्षं त्यांच्यातला आहे."

एवढं बोलून त्यांनी सवयीने भिंतीकडे पाहिलं. तिथे चौकटीत, काचेखाली, त्यांची स्वतःची एकतीस वर्षांपूर्वीची पावती लावलेली आहे. 'दिनांक अमुक, मासे: १०.' त्या घरात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक माणसाला ती दाखवली जाते. आता एक गोष्ट सांगतो, जी मी पंचवीस वर्षं कोणालाच सांगितलेली नाही. खाडाखोड ओळखणं हा माझा धंदा आहे. लग्नानंतर पहिल्यांदा ती पावती पाहिली तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं, की शून्याची शाई निळी आहे, त्याच्या आधीच्या एकाची शाई किंचित जांभळी आहे, आणि तो एक बसमध्ये उशिरा चढलेल्या माणसासारखा अंग चोरून उभा आहे. नव्या जावयाने सासऱ्यांच्या भिंतीवरच्या कागदाची छाननी करणं बरं दिसत नाही. पुढे मग विषय राहूनच गेला.

दुसऱ्या दिवशी मी परवान्याच्या कचेरीत गेलो. मी खिडकीच्या आतल्या बाजूचा माणूस. बाहेरून खिडकी इतकी उंच असते, आणि बोलायला इतकं वाकावं लागतं, याची मला कल्पनाच नव्हती. आतल्या बाईंनी अर्ज पुढे सरकवला. त्यात एक रकाना होता: 'आमिष: जिवंत / मेलेले. नको ते खोडा.'

"माझी माशी आहे," मी म्हणालो.

"जिवंत की मेलेली?"

"खोटी आहे."

"खोटी असा रकाना नाही."

"अहो, पण ती कधी जिवंतच नव्हती!"

"म्हणजे मेलेली," बाई म्हणाल्या. "कशाने मेली? रोगाने मेलेलं आमिष नदीत चालत नाही."

मी ती कोंबडीच्या पिसाची केलेली असते असं समजावून सांगितलं. त्यावर कोंबडीची चौकशी सुरू झाली. कोंबडी कोणाची, कुठली, तिला काही आजार होता का. सासरेबुवांनी ही पिसं कधी आणि कुठून आणली होती ते देवालाच माहीत. शेवटी 'सदर कोंबडी माझ्या माहितीप्रमाणे धडधाकट होती' असं मी स्वतःच्या हाताने लिहून दिलं. अठ्ठावीस वर्षांत इतका बेजबाबदार कागद मी लिहिला नव्हता. बाईंनी तो घेतला, शिक्का मारला आणि तारीख दिली. महिन्याच्या मुदतीतला अठ्ठाविसावा दिवस, शनिवार. परवान्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: 'हवामानाच्या कारणाने तारीख बदलून मिळणार नाही.' वाक्य उत्तम होतं. मीसुद्धा तसंच लिहिलं असतं.

मधल्या दिवसांत मी इमारतीच्या आवारात सराव केला. दोरीच्या टोकाला गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधला होता, म्हणजे कोणाला काही होण्याचा प्रश्नच नव्हता. तरी तिसऱ्या दिवशी सूचनाफलकावर कागद लागला: 'आवारात चाबूक चालवू नये. सचिव.' मी सचिवांना दोन पानांचं उत्तर लिहिलं. त्यात काठी आणि चाबूक यांतला फरक पाच मुद्द्यांत मांडला होता. त्यांचं उत्तर आलं: 'आपले पत्र मिळाले. चाबूक चालवू नये.' वरच्या मजल्यावरच्या काकू खिडकीतून म्हणाल्या, "अहो, मनगटाने मारू नका, कोपराने मारा. आमचे हे अशीच जळमटं काढतात." काकूंनी आयुष्यात नदी पाहिली असेल तर पुलावरून. पण सल्ला त्या रोज द्यायच्या, आणि लाजिरवाणी गोष्ट म्हणजे कोपराने जरा बरं जमत होतं.

खालच्या मजल्यावर आमचे एक शेजारी राहतात, त्यांना सगळी इमारत वेधशाळा म्हणते. ते रोज सकाळी बाल्कनीत येऊन आभाळाकडे बघतात आणि दिवसाचा निकाल लावतात. शनिवारी पहाटे मी काठी, डबा आणि सासरेबुवांची रबरी विजार घेऊन खाली उतरलो तेव्हा ते हजर होते. आभाळ काळंकुट्ट होतं आणि वारा फाटकाला धक्के देत होता.

"बिनधास्त जा," वेधशाळा म्हणाली. "दहापर्यंत कडकडीत ऊन पडतं की नाही बघा."

छत्री घ्यायला मी परत वर गेलो. बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "अहो, नका जाऊ. आजारी पडाल. दिली त्याला काठी तर काय बिघडतं?"

"काठीचा प्रश्न नाही," मी म्हणालो.

"मग कशाचा आहे?"

मी छत्री घेतली आणि निघालो. पण प्रश्न रुमालाचा होता, जो त्या रविवारी तिच्या तोंडावर हलत होता.

नदी मात्र शांत होती. बाकी सगळं खवळलेलं होतं. पाऊस सरळ पडायचा सोडून आडवा येत होता, आणि छत्री पहिल्या पाच मिनिटांत उलटी होऊन तशीच राहिली. काठावर पत्र्याची एक चौकी होती. तिच्यात राखणदार स्टोव्हवर चहा ठेवून बसला होता. साठीच्या पुढचा, ताठ बसणारा, शिक्का ओला होऊ नये म्हणून तो दोरीने गळ्यात, सदऱ्याच्या आत अडकवलेला. त्याने माझा परवाना उलटून पाहिला आणि मागचे नियम मला मोठ्याने वाचून दाखवले.

"नियम तीन. पकडलेला मासा मोजून तीस सेकंदांच्या आत जिवंत पाण्यात सोडावा. नियम सात. माशाची नोंद राखणदाराने स्वतः पाहून करावी. कळलं ना साहेब?"

"कळलं," मी म्हणालो. नियम मला कोणी समजावून सांगावेत, ह्याचाच मला राग आला होता.

रबरी विजार छातीपर्यंत येते आणि खांद्यावर पट्ट्यांनी अडकवायची असते. सासरेबुवा माझ्यापेक्षा वीतभर बुटके आणि दुप्पट रुंद आहेत. त्यामुळे विजार मला उंचीला तोकडी झाली आणि पोटाकडे तिच्यात आणखी एक माणूस सहज मावला असता. त्या माणसाच्या जागी पाऊस शिरला. दहाच्या सुमाराला, म्हणजे वेधशाळेच्या कडकडीत उन्हाच्या वेळी, माझ्या कमरेपर्यंत बाहेरून नदी होती आणि गुडघ्यांपर्यंत आतून पाऊस होता.

पहिली माशी मी मागे झुलवली ती झाडात अडकली आणि तिथेच राहिली. दुसरी माझ्या टोपीत रुतली. टोपी उडाली, दोरी तुटली, आणि दोघी मिळून प्रवाहाबरोबर गेल्या. वारा नेमका मी हात उचलला की उलटा फिरायचा. यात मुद्दाम काही नसतं हे मला समजतं, मी शिकलेला माणूस आहे. पण दुपारी एक वाजता, ओला डबा उभ्याउभ्या खाताना, ह्या सगळ्यामागे साडूचा हात आहे अशी माझी जवळजवळ खात्री झाली होती. मी त्याला मोठ्याने दोन शब्द बोललो. नदीवर ऐकायला कोणी नव्हतं, एवढंच त्या जागेचं सुख.

एकच माशी उरली होती. करड्या रंगाची, कडेला पिसं विरलेली, सासरेबुवांनी स्वतः गुंडाळलेली जुनी माशी. तीन वाजायला आले होते. हाताची बोटं बधिर झाली होती. मी काकूंची आठवण करून कोपराने दोरी झुलवली, आणि वारा क्षणभर पडला. माशी मोठ्या दगडाच्या पलीकडे, संथ पाण्यावर, इतकी हलकेच उतरली की मीच बघत राहिलो. सबंध दिवसात पहिल्यांदा ती माशीसारखी दिसत होती. मग पाणी उघडलं आणि माशी नाहीशी झाली.

काठी वाकली. दोरी बोटावरून करकरत गेली. मी काय केलं ते मला नीट सांगता येणार नाही. मी बहुधा "अगं आई" म्हणालो. मासा एकदा दगडाकडे पळाला, एकदा माझ्याकडे आला, एकदा पाण्याबाहेर आला आणि त्याने मला पाहिलं. माझ्या आयुष्यात इतका आनंद मला फार थोड्या वेळा झाला आहे, आणि त्या प्रत्येक वेळी समोर कोणीतरी होतं. इथे कोणी नव्हतं.

म्हणजे अगदीच नव्हतं असं नाही. वरच्या अंगाला, दोनशे पावलांवर, पूल होता. त्याच्यावरून राखणदार फेरी मारून परत येत होता. मी मासा जवळ ओढला, हात ओला करून धरला, अंगठा त्याच्या तोंडात घालून गळ काढला, त्यात त्याच्या बारीक दातांनी अंगठा खरचटला. परवान्याच्या कडेला छापलेली पट्टी त्याच्या बाजूला धरली. वीत आणि चार बोटं. आणि हे करताना मी मोठ्याने आकडे मोजत होतो. कारण नियम तीन.

"ओ साहेब, थांबा!" पुलावरून हाक आली. "मी येतोय!"

आता कोणीही सुज्ञ माणूस थांबला असता. साडू थांबला असता. त्याने राखणदाराची वाट बघता बघता केससुद्धा विंचरले असते. पण मी नियम क्रमाने पाळणारा माणूस आहे. तीन सातच्या आधी येतो. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस. मी माशाचं तोंड प्रवाहाकडे केलं आणि पकड सैल केली. तो लगेच गेला नाही. माझ्या ओंजळीत तसाच थांबला. मेला की काय, म्हणून मी खाली वाकून पाहिलं. मग त्याने शेपटी एकदा हलवली, आणि ओंजळ रिकामी झाली.

राखणदार धापा टाकत काठावर आला. "कुठाय?"

"सोडला. एकोणतीस सेकंदांत."

"अहो, मी येईपर्यंत धरायचं ना!"

"नियम तीन," मी म्हणालो.

"नियम सात," तो म्हणाला.

पाऊस दोघांवर सारखाच पडत होता. चौकीत जाऊन त्याने पावतीपुस्तक काढलं, कार्बन घातला आणि 'मासे' ह्या शब्दापुढे पेन टेकवलं.

"एक," मी सांगितलं.

"मला तुमची पाठ दिसली, साहेब. पाठीची नोंद करता येत नाही."

"मग शेऱ्यात लिहा. परवानाधारकाच्या सांगण्याप्रमाणे एक मासा."

"शेऱ्याला वरच्या साहेबांची सही लागते. ते आज आले नाहीत. पाऊस आहे ना."

माझा तोल सुटला. मी त्याला माझी नोकरी सांगितली, वय सांगितलं, अंगठा दाखवला. मी खोटं बोलणारा माणूस वाटतो का, असं विचारलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग अगदी शांतपणे म्हणाला, "तुमच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे, साहेब. पण कागदाला विश्वास नसतो, त्याला साक्षीदार लागतो."

विजारीतलं पाणी एकदम गार झाल्यासारखं वाटलं.

"हे वाक्य कुठे शिकलात?" मी विचारलं.

"दाखल्याच्या खिडकीवर. पेन्शनसाठी हयातीचा दाखला पाहिजे होता, मी जिवंत आहे म्हणून. मी समोर उभा होतो, साहेब. तीन हेलपाटे घातले. आतल्या साहेबांनी तिन्ही वेळा हेच सांगितलं." त्याने चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. "राग आला होता खूप. पण नंतर वाटलं, वाक्य चांगलं आहे. इथे उपयोगी पडतं."

"ते साहेब दिसायला कसे होते?"

"जाळीतून काय दिसणार? नाक तेवढं दिसायचं," तो म्हणाला, आणि माझ्या नाकाकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. मग त्याने पावतीवर एक सुरेख, गोल शून्य काढलं, सदऱ्यातून शिक्का ओढून काढला आणि ठप्पकन मारला. मी चहा प्यायलो. चहा चांगला होता, आणि त्याचाही मला राग आला.

घरी पोचलो तेव्हा बायकोने टॉवेल दिला, गरम पाणी दिलं, सगळी हकिकत ऐकली आणि म्हणाली, "पकडला असेल हो."

असेल! मी तिला म्हटलं, "असेल नाही, पकडला." ती म्हणाली, "तेच म्हणतेय मी." पण ती तेच म्हणत नव्हती.

जिन्यात वेधशाळेने पावती मागून घेतली, उजेडात धरली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "हात्तिच्या, शून्यच आहे ना? मग सोपं आहे. ह्याच्या आधी एक रेघ ओढा. कोण बघतंय?"

खोटं सांगत नाही, घरी येऊन मी पेन उघडलं. शाईही जुळत होती. अठ्ठावीस वर्षं लोकांच्या चोऱ्या पकडल्यावर मला तो एक असा काढता आला असता की कोणाच्या बापाला कळलं नसतं. पण अडचण अशी, की शून्याचा एक होत नाही, दहाच होतात. एक मासा पकडल्याचं खरं सांगायला मला नऊ मासे खोटे पकडावे लागणार होते. मी पेन बंद केलं. मग त्या राखणदाराचा, त्या बाईंचा, सचिवांचा, साडूचा आणि त्या माशाचाही मला असा संताप आला की जेवण गेलं नाही.

रविवारी सासुरवाडीला मी सगळ्यांसमोर पावती टेबलावर ठेवली. साडूने ती उचलली आणि वाचली. "मासे: शून्य. वा! शिक्क्यानिशी!"

"मी मासा पकडला होता," मी म्हणालो. "एक. कागदावर नाही, कारण साक्षीदार नव्हता. काठी घेऊन टाका."

हसायला सुरुवात झाली होती, पण सासरेबुवा हसत नव्हते. त्यांनी हात पुढे केला. मला वाटलं पावती मागताहेत. त्यांनी माझा हात धरला, खिडकीकडे वळवला आणि अंगठा पाहिला. बारीक बारीक ओरखडे होते, किसणीवर घासल्यासारखे.

"सोडलात तेव्हा लगेच गेला?" त्यांनी विचारलं.

"नाही. हातातच थांबला. मला वाटलं, मेला."

"मग?"

"मग शेपटी हलवली. एकदाच."

सासरेबुवांनी ओरखड्यांवरून बोट फिरवलं. "हो," ते म्हणाले. "थांबतो तो. तेवढाच वेळ असतो आपल्याकडे." त्यांनी माझा हात सोडला नाही. "काठी थोरल्या जावयांची."

"पण बाबा, पावती?" साडू म्हणाला. "पावतीवर शून्य आहे!"

"म्हणूनच," सासरेबुवा म्हणाले. "साठ वर्षांत शून्याची पावती घरी आणणारा माणूस मी पाहिला नाही. सगळे नदीतच टाकून येतात. नाहीतर..." आणि ते थांबले. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना समजलं असावं, की दाखल्यांच्या खिडकीवरच्या जावयाने ती चौकट इतक्या वेळा आणि इतक्या गप्प राहून का पाहिली. मी पाण्याचा पेला उचलला आणि पाणी पीत राहिलो.

"डॉक्टर," ते साडूला म्हणाले, "तुम्ही उंच आहात. ती चौकट जरा खाली काढा. काच पुसायची आहे."

माझ्या बायकोने तोंडावर रुमाल धरला. ह्या वेळी तो हलत नव्हता. तिने डोळे टिपले. घरी जाताना ती म्हणाली, "पकडला होता तुम्ही." मी काठी ह्या हातातून त्या हातात घेतली.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण सासरेबुवांनी काच पुसून चौकट परत लावली, आणि लावताना तिच्यात माझी पावती घातली. जिथे दहा मासे होते तिथे आता माझं शून्य लटकतं आहे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ते दाखवलं जातं. परवा साडूच्या ओळखीचे कोणी पाहुणे आले होते. त्यांनी चष्मा लावून वाचलं, "मासे: शून्य," आणि ही कोणाची म्हणून विचारलं.

"आमच्या थोरल्या जावयांची," सासरेबुवा छाती पुढे काढून म्हणाले.

पाहुण्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. तीच मान. मी ताडकन उठलो. "एक मिनिट," म्हणालो, "हे शून्य दिसतंय, पण खरं म्हणजे मी एक मासा..."

"जावईबापू," सासरेबुवा गोड हसून म्हणाले, "साक्षीदार आहे?"

मी खाली बसलो.